थंड हवेची ऑर्किड : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

थंड हवामानातील ऑर्किडविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी बहुतेकांचा धागा झाडाला मिळणाऱ्या रात्रीपाशीच येऊन पोहोचतो. म्हणून पहिल्या दोन पत्रांना अधिक जागा दिली आहे आणि उरलेल्यांची उत्तरे मोजकी ठेवली आहेत.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी मी फुलावर असलेले मॅस्डेव्हालियाचे रोप आणले. त्याला थंडावा लागतो हे ठाऊक असल्याने दिवसा ते कूलर असलेल्या खोलीत ठेवते आणि भर दुपारीही तापमान २६ अंशांच्या वर जाऊ देत नाही. तरीही जुनी पाने एकेक करून देठापाशी काळी पडून गळत आहेत आणि नवी पाने आधीच्या पानांच्या निम्मीही होत नाहीत. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपण दुपार काळजीपूर्वक सांभाळली आहे, रात्रीचे तापमान मात्र पत्रात कुठेच नाही, आणि या झाडाचे भवितव्य तिथेच ठरते. कूलर दिवसा चालतो आणि रात्री बंद होतो असे मी गृहीत धरतो. तसे असेल तर रात्रभर खोलीचे तापमान २२ ते २४ अंशांवर राहत असणार. मॅस्डेव्हालियाच्या बहुतेक जाती अँडीज पर्वतातील ढगांनी वेढलेल्या अरण्यांत वाढतात. तिथे रात्री तापमान १० ते १३ अंशांपर्यंत उतरते आणि वर्षातील एखाददुसरा महिना नव्हे, तर बाराही महिने उतरते.

त्यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. झाड दिवसा उजेडात साखर तयार करते आणि श्वसनासाठी ती रात्रंदिवस खर्च करत राहते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे १२ अंशांच्या रात्री जेवढी साखर संपते, तिच्या जवळजवळ दुप्पट साखर २२ अंशांच्या रात्री संपते. दाट झाडीच्या सावलीत वाढणाऱ्या या रोपाची दिवसाची कमाई मुळातच बेताची असते. त्यातून रात्रीचा खर्च दुप्पट झाला की नव्या पानासाठी काही उरत नाही. कॅटलियासारख्या ऑर्किडला पानांच्या बुडाशी फुगीर बल्ब असतात आणि त्यांत पाणी व अन्न साठवलेले असते. मॅस्डेव्हालियाला बल्ब नसतात; जी काही साठवण असते ती त्या जाडसर पानांत. फुलावर असलेले रोप थंड हरितगृहातून ही साठवण घेऊन घरी येते, पहिले काही महिने तिच्यावर निभावते आणि म्हणूनच पहिल्या महिन्यात सारे ठीक चालले आहे असे वाटते. आपल्याकडे आठव्या महिन्यात दिसू लागलेली लक्षणे बहुधा पहिल्याच महिन्यात सुरू झाली होती.

आता एक गळायला आलेले पान हातात घेऊन नीट पाहा. पानाचा देठ खाली एका बारीक काडीला जोडलेला असतो आणि त्या काडीवर कागदासारखे पातळ, करडे आवरण असते. पान पिवळे पडून या सांध्यापाशी हलक्या हाताने सुटून येत असेल आणि सांधा कोरडा असेल, तर ती उपासमार आहे. सांधा पाणचट काळा असेल, दाबल्यावर ओल जाणवत असेल आणि काळेपणा खाली काडीत उतरत असेल, तर उपासमारीच्या जोडीला कूज लागली आहे. आपल्या वर्णनावरून दुसरी शक्यता मला जास्त वाटते. अशा वेळी काळी पडलेली काडी स्वच्छ, निर्जंतुक कात्रीने बुडापासून कापावी, कुंडीतील मॉस (माध्यम म्हणून वापरलेले वाळके शेवाळ) काढून मुळे तपासावीत आणि ताज्या मॉसमध्ये रोप पुन्हा लावावे. मुळे बारीक, तारेसारखी असतात. जी हाताला घट्ट लागतात ती जिवंत आणि जी चिमटीत पोकळ लागतात ती मेलेली. मेलेली मुळे ठेवून उपयोग नसतो.

त्यानंतर किमान-कमाल तापमापक कुंडीच्या उंचीवरच टांगून दोन आठवडे रोज सकाळी किमान आकडा लिहून ठेवावा. तो १४ अंशांच्या खाली येत असेल तर रोप सावरेल. १८ अंशांच्या आसपास असेल तर काही जाती जगतील, पण आपली जगेल याची खात्री मी देणार नाही. आकडा थोडासाच वर असेल तर करण्यासारखे बरेच आहे. न रंगवलेली मातीची कुंडी वापरली की कोरड्या हवेत बाष्पीभवनाने मुळांपाशी दोनतीन अंशांचा फरक पडतो. गरम हवा वर जात असल्याने मांडणीवरून जमिनीजवळ आणलेल्या रोपाला तेवढाच थंडावा मिळतो, आणि बाहेरची रात्र घरातल्या रात्रीपेक्षा थंड असेल तर रोप संध्याकाळी बाहेर ठेवून सकाळी आत घेता येते. यातले काहीच पुरेसे पडत नसेल तर या रोपाशी झगडत बसण्याऐवजी ऊब सोसणाऱ्या जातींकडे वळावे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील कमी उंचीवर वाढणारी मॅस्डेव्हालिया फ्लोरिबुंडा, ब्राझीलची मॅस्डेव्हालिया इन्फ्राक्टा आणि ‘एंजल फ्रॉस्ट’ हा जुना, दणकट संकर ही नावे मी आधी सुचवेन.

प्रश्न : कोणत्याही जातीची माहिती शोधू लागलो की एक जण तिला ‘थंड हवेची’ म्हणतो, दुसरा ‘मध्यम हवेची’ म्हणतो आणि तिसरा ‘सोपी’ म्हणून मोकळा होतो. रोप विकत घेण्यापूर्वी त्याच्या गरजांचा विश्वासार्ह अभ्यास कसा करावा?

उत्तर : हा प्रश्न माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण अभ्यासाशिवाय घेतलेली किती रोपे मी गमावली ते माझ्या वहीत लिहिलेले आहे. ‘थंड’, ‘मध्यम’ आणि ‘उष्ण’ हे तीन शब्द हरितगृहांच्या सोयीतून आले. साधारणपणे रात्री १० ते १३ अंश म्हणजे थंड, १३ ते १६ म्हणजे मध्यम आणि त्याहून वर म्हणजे उष्ण असा संकेत आहे. तो कामाचा असला तरी झाडांनी काही स्वतःची अशी तीन खोल्यांत विभागणी केलेली नाही. म्हणून शब्द बाजूला ठेवून झाड कुठून आले तिथपर्यंत जावे.

पहिले काम नावाचे. ऑर्किडची शास्त्रीय नावे वारंवार बदलतात आणि एकाच झाडाची माहिती दोन-तीन नावांखाली विखुरलेली असते. कोलंबियातील प्रसिद्ध ओडोन्टोग्लॉसम क्रिस्पम आज ऑन्सिडियम अलेक्झांड्री या नावाने ओळखले जाते. ड्रॅक्युला ही प्रजाती १९७८ साली मॅस्डेव्हालियातून वेगळी काढली गेली. फक्त नवे नाव शोधणाऱ्याच्या हातून जुन्या बागकारांचा सगळा अनुभव निसटतो. लंडनमधील क्यू येथील शाही वनस्पती उद्यानाच्या सूचीत आजचे स्वीकृत नाव आणि त्याचे जुने समानार्थी एकत्र मिळतात. रोप संकर असेल तर ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नोंदवहीत त्याचे आई-बाप शोधावेत. एका जनकाचे घर तीन हजार मीटरवर आणि दुसऱ्याचे हजारावर असेल तर संकराला किती ऊब चालेल याचा काही अंदाज तिथेच येतो. ज्या रोपाच्या चिठ्ठीवर केवळ ‘ऑर्किड, मिश्र’ असे लिहिलेले असते त्याचा अभ्यास करता येत नाही, हे घेण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे.

दुसरे काम उंचीचे, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. वर चढत गेले की दर हजार मीटरला तापमान साधारण ५ ते ६.५ अंशांनी उतरते. विषुववृत्ताजवळ समुद्रसपाटीचे सरासरी तापमान २७ अंश धरले तर २६०० मीटरवर सरासरी १० ते १४ अंशांच्या दरम्यान यायला हवी. या गणिताची पडताळणी करता येते : बोगोटा शहर जवळपास याच उंचीवर आहे आणि तिथली वार्षिक सरासरी १४ अंशांच्या जवळ असते. मॅस्डेव्हालिया कॉक्सिनिया कोलंबियाच्या पूर्व पर्वतरांगेत साधारण अडीच हजार मीटरच्या आसपास आढळते. म्हणजे तिला कसली हवा लागते ते एकही संगोपनपत्रिका न वाचता कळते. मात्र एका आकड्यावर विसंबू नये. वनस्पतिसंग्रहालयांतील नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर ठिकाण, उंची आणि तारीख लिहिलेली असते. अशा लक्षावधी नोंदी आता जीबीआयएफ या जागतिक माहितीकोशात खुल्या आहेत, आणि एखादी जात ८०० पासून २२०० मीटरपर्यंत सापडलेली दिसली तर ती सहनशील असण्याची शक्यता वाढते. तरीही आपल्या हातातले रोप त्यांपैकी कोणत्या टोकाच्या वंशातले आहे हे विक्रेत्याला विचारायलाच हवे. मी स्वतः एकदा नोंदींतील सर्वांत खालची उंची सोयीची म्हणून खरी मानली होती आणि ते रोप पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस गेले.

तिसरे काम अक्षांश आणि ऋतूंचे. समान उंची म्हणजे समान हवामान नव्हे. अँडीजमधील दोन हजार मीटरवर विषुववृत्ताजवळ जवळजवळ हिवाळाच नसतो. जानेवारी आणि जुलैच्या सरासरीत फारसा फरक पडत नाही आणि ढग वर्षभर ओल टिकवतात. हिमालयात दार्जिलिंगही सुमारे दोन हजार मीटरवरच आहे, पण तिथे जून ते सप्टेंबर पावसाची झड, तर जानेवारीत रात्री पाच अंशांच्या खाली जाणाऱ्या आणि हवा बऱ्यापैकी कोरडी. पहिल्या ठिकाणच्या झाडाला कधीच विश्रांती नको असते, तर दुसऱ्या ठिकाणच्या झाडाला थंड आणि कोरडी विश्रांती मिळाली नाही तर ते फुलत नाही. दोन्ही झाडांवर ‘थंड हवेचे’ अशीच चिठ्ठी लागते. मी नव्या जातीसाठी वहीचे एक पान घेतो, बारा महिने आडवे मांडतो, जवळच्या हवामान केंद्राचे किमान, कमाल आणि पर्जन्यमान उंचीच्या फरकाने दुरुस्त करून लिहितो आणि त्याखाली माझ्या घरातील मोजलेले आकडे मांडतो. ज्या महिन्यांत दोन ओळींत सहा-सात अंशांची तफावत दिसते, त्या महिन्यांत काय करायचे हे ठरल्याशिवाय रोप घेत नाही.

चौथे काम झाडाच्या नेमक्या जागेचे. पेरूमधील मॅस्डेव्हालिया व्हीचियाना माचू पिचूच्या परिसरात खडकांमधल्या गवतात, तुलनेने उघड्यावर वाढते. तिच्या इतर पुष्कळ बहिणी शेवाळलेल्या खोडांवर गर्द सावलीत असतात. दक्षिण आफ्रिकेची डिसा युनिफ्लोरा वाहत्या ओढ्यांच्या काठी असते. तिची मुळे सतत थंड, क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यात भिजत असतात, म्हणून झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावून आठवड्याला एकदा पाणी घातलेली डिसा मरते यात नवल नाही. अधिवासातील छायाचित्रांत फुलाच्या मागे काय आहे ते बघण्याची सवय लावून घ्यावी.

वाढवणाऱ्यांचे अनुभव मी यानंतर वाचतो. अनुभव सांगणाऱ्याचे रात्रीचे किमान तापमान किती, पाणी कोणते आणि रोप किती वर्षे त्याच्याकडे आहे, या तीन गोष्टी समजल्याशिवाय ‘सोपी’ या शब्दाला अर्थ येत नाही. सहा महिने जगलेल्या रोपावरून काहीही सिद्ध होत नाही. दोनदा स्वतःच्या घरी फुललेल्या रोपाबद्दल बोलणाऱ्याचे मी लक्षपूर्वक ऐकतो.

अधिवास न पाहता केलेल्या समजुतीची किंमत इतिहासातही दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये आलेली बहुतेक ऑर्किड, ती उष्ण प्रदेशातून आली म्हणून, कोंदट आणि तापवलेल्या काचघरांत ठेवली जात आणि डोंगरमाथ्यावरची असंख्य झाडे तिथे संपत. जोसेफ पॅक्स्टन यांनी चॅट्सवर्थच्या बागेत खेळती हवा आणि वेगवेगळ्या तापमानांची घरे वापरायला सुरुवात केली. पुढे १८६० च्या दशकात जेम्स बेटमन यांनी थंड संगोपनाचा आग्रह धरला. आज आपल्याकडे उंची आणि तापमानाच्या नोंदी आहेत, तेव्हा त्या चुकीची पुनरावृत्ती करण्याचे कारण उरलेले नाही.

प्रश्न : आर्द्रता ८० टक्के राहावी म्हणून मी दिवसातून चार वेळा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा पाणी फवारतो. तरी पानांवर काळे डाग पडतात आणि टोके जळतात. फवारणी आणखी वाढवावी का?

उत्तर : वाढवू नये, रात्रीची फवारणी तर आजच बंद करावी. बुरशीच्या बीजाणूला रुजण्यासाठी पान काही तास सलग ओले राहावे लागते आणि निजण्यापूर्वीच्या फवारणीने आपण ती सोय स्वतःहून करून देत आहात. ढगांच्या अरण्यात पाने ओली होतात खरी, पण तिथली हवा कधी ठप्प नसते. एक लहान पंखा झाडांवर थेट न रोखता भिंतीकडे तोंड करून चोवीस तास मंद गतीने चालू ठेवावा. पाने जेमतेम हलताना दिसली की वारा पुरेसा आहे.

‘८० टक्के’ या आकड्याविषयीही थोडे सांगायला हवे. २० अंशांची हवा दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, ३० अंशांची सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे २० अंशांना पूर्ण भरलेली हवा ३० अंशांपर्यंत तापली तर तीच ५७ टक्क्यांवर येते, एक थेंबही कमी न होता. तापमान उतरवले की आर्द्रता आपोआप चढते, म्हणून थंड हवेच्या ऑर्किडच्या बाबतीत आधी तापमान आणि मग आर्द्रता असा क्रम ठेवावा. फवाऱ्याने किंवा ओल्या पडद्याने हवा गार करण्यालाही मर्यादा आहे. ३५ अंशांच्या, ३० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन तापमानाला २२ अंशांपर्यंत खाली खेचू शकते. पण हवा २८ अंशांची आणि ८५ टक्के दमट असेल तर २६ च्या खाली जाता येत नाही, कितीही पाणी उडवले तरी.

टोके जळण्याचे कारण बहुधा पाण्यातले क्षार आहे. पानावर फवारलेले पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. मुळांपाशीही तेच घडते. नाजूक मुळांच्या या ऑर्किडसाठी दर लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेले पाणी वापरावे. पावसाचे किंवा आरओचे पाणी चालते. खत नेहमीच्या मात्रेच्या चौथा हिस्सा द्यावे आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर साधे पाणी वाहू द्यावे.

प्रश्न : माझ्या सिम्बिडियमला चार वर्षांत भरघोस पाने आली, पण एकदाही फुलाचा दांडा आला नाही. काय करावे?

उत्तर : मोठ्या फुलांच्या सिम्बिडियमचे पूर्वज हिमालय आणि त्याला लागून असलेल्या आग्नेय आशियाच्या डोंगरांतले आहेत. दिवसा ३० अंशांपर्यंतची ऊब हे झाड सहन करते, पण उन्हाळा संपता संपता रात्री १० ते १४ अंशांपर्यंत उतरल्या नाहीत तर बहुतेक संकरांत दांडा सुरूच होत नाही. दिवस आणि रात्र यांत किमान दहा अंशांचा फरक पडेल अशी उघडी जागा त्या सहा-आठ आठवड्यांसाठी शोधावी. पानांचा रंगही पाहावा. गडद, मखमली हिरवा म्हणजे उजेड कमी. किंचित पिवळसर पोपटी हिरवा हा फुलण्याचा रंग आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नत्र कमी करून पालाश वाढवावे.

दांडा आणि नवी फूट सुरुवातीला सारखीच दिसतात आणि अधीर माणूस दांड्यालाच दुखापत करतो. बुडाशी आलेले टोक चिमटीत हलकेच धरून पाहावे. फूट चपटी आणि भरीव लागते, थोड्याच दिवसांत पानासारखी उलगडू लागते. दांडा गोलसर, टोकाशी किंचित मऊ लागतो, कारण आत कळ्या असतात. दांडा आल्यावर कळ्या उमलेपर्यंत झाड उबदार खोलीत आणू नये, नाहीतर कळ्या पिवळ्या पडून गळतात. थंड रात्री मिळण्याची शक्यताच नसेल तर सिम्बिडियम एन्सिफोलियमपासून झालेले लहान संकर घ्यावेत. त्यांना तेवढ्या थंडीची गरज नसते आणि सुगंध असतो तो वेगळाच.

प्रश्न : हिवाळ्यात सीलॉजिनी क्रिस्टाटाचे बल्ब सुरकुततात. पाणी वाढवू का?

उत्तर : थोड्या सुरकुत्या अपेक्षितच आहेत. हे हिमालयातले झाड आहे. पावसाळ्यात बल्ब भरून घेते, हिवाळ्यात थंड आणि कोरडे राहते आणि हिवाळा सरताना पांढरी, आतून पिवळ्या रेघांची फुले देते. विश्रांतीच्या काळात दोन-तीन आठवड्यांतून एकदा, बल्ब अगदीच पिचकू नयेत इतके पाणी शिंपडावे. या काळात पाणी वाढवले तर फुलांऐवजी फुटवे येतात. दांडे खाली झुकून कळ्या फुगल्या की पाणी हळूहळू वाढवावे. कुंडी भरून बल्ब काठाबाहेर आले तरी बदलण्याची घाई करू नये; मुळे हलवली की हे झाड एखादे वर्ष रुसते.

प्रश्न : माझ्या घरात वर्षभर थंड रात्री मिळणे अशक्य आहे. काचेच्या दाराच्या जुन्या फ्रीजमध्ये लहान ऑर्किड वाढवता येतील का?

उत्तर : येतील, आणि अनेक हौशी बागकार ते यशस्वीपणे करत आहेत. दुकानांत बाटल्या ठेवतात तसला काचेच्या दाराचा फ्रीज यासाठी चांगला. त्याचा मूळ थर्मोस्टॅट तापमान फार खाली नेतो, म्हणून बाहेरून दिवस-रात्रीचे वेगळे तापमान ठरवता येणारा नियंत्रक जोडावा लागतो : रात्री ११ ते १२, दिवसा १८ ते २० अंश. एलईडी दिवे शक्यतो काचेबाहेर किंवा त्यांचा उष्णता देणारा भाग बाहेर राहील असे लावावेत, नाहीतर यंत्र दिवसभर त्यांच्याशीच झुंजत राहते. थंड करणारी नळी हवेतील ओलावा ओढून घेते, तेव्हा आत लहान धुके-यंत्र लागते. त्यात शुद्ध पाणीच घालावे, कारण साध्या पाण्यातील क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पानांवर बसतात. आत एक-दोन छोटे पंखेही हवेत. विजेचे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. तिथे पाणी आणि वीज एकत्र येतात.

सगळी जोडणी झाल्यावर कपाट दोन आठवडे रिकामे चालवावे आणि वरच्या व खालच्या फळीवरील किमान-कमाल रोज लिहावे. चार-पाच अंशांचा फरक सहज आढळतो आणि कोणते रोप कुठे ठेवायचे ते त्यावरून ठरते. वीज गेल्यावर काय होते हेही याच दिवसांत मुद्दाम बंद करून पाहावे; तळाशी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर आतले तापमान सावकाश चढते. पहिले झाड म्हणून लहान मॅस्डेव्हालिया घ्यावी. न्यू गिनीच्या डोंगरांतील डेन्ड्रोबियम कथबर्टसोनाय हे अशा कपाटाचे खरे वैभव आहे : बोटभर उंचीचे, खरखरीत पानांचे रोप आणि त्याच्याएवढेच फूल, जे अनेक महिने टिकते. पण ते सहा महिने थांबून, कपाटाचा भरवसा आल्यावरच घ्यावे. ड्रॅक्युला घेणार असाल तर ती जाळीदार टोपलीत टांगावी. तिचे दांडे खाली वाढतात आणि बंद कुंडीत तळाशी अडकून कुजतात.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे डोंगरी ऑर्किडचे मोठे जुडगे, माती-कुंडीविना, फार स्वस्तात मिळत आहेत. घ्यावेत का?

उत्तर : घेऊ नयेत. आपण वर्णन केले आहे तसे, मुळे तुटलेली, पानांवर शेवाळाचे आणि दगडफुलाचे ठिपके, लहानमोठ्या आकारांचे वेडेवाकडे जुडगे बहुतेक वेळा रानातून ओरबाडलेले असतात. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात अल्बर्ट मिलिकन या ऑर्किड संग्राहकाने कोलंबियात दोन महिन्यांत ओडोन्टोग्लॉसमची सुमारे दहा हजार रोपे मिळवण्यासाठी चार हजारांच्या आसपास झाडे तोडल्याचे लिहून ठेवले आहे. हे वाचल्यापासून असे जुडगे पाहिले की मला त्या तोडलेल्या झाडांचीच आठवण होते. धोक्यात आलेल्या जातींच्या व्यापाराविषयीचा साईटिस हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून अमलात आहे आणि संपूर्ण ऑर्किड कुळ त्याच्या कक्षेत येते. स्लीपर ऑर्किडच्या पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम या दोन प्रजातींवर तर सर्वांत कडक बंधने आहेत.

रोपवाटिकेत बियांपासून किंवा विभाजनाने केलेली रोपे साधारण एकसारख्या वयाची असतात, त्यांची मुळे कुंडीच्या आकाराने वळलेली असतात आणि चिठ्ठीवर जात, जनक किंवा लागवडीचा क्रमांक असतो. तशी रोपे फुलायला तीन-चार वर्षे घेतील, किंमतही जास्त पडेल. पण ती कुंडीत जन्मलेली असल्याने कुंडीत टिकतात. रानातून काढलेल्या रोपाला मात्र तुटलेली मुळे नव्याने फोडायची असतात, आणि त्यासाठी लागणारी थंड रात्र त्याला विक्रेत्याच्या टोपलीतही मिळालेली नसते.